मेदूवड्याच्या आकाराचा प्रकाश आणि न दिसणारे विषाणू

पावसाळ्यात तापाचे रुग्ण वाढले की एक प्रश्न हमखास येतो : "डॉक्टर, रक्त तपासलं की मलेरियाचा जंतू दिसतो, मग डेंग्यूचा का दिसत नाही?" प्रश्न अगदी रास्त आहे. त्याचं उत्तर दीडशे वर्षांपूर्वीच्या जर्मनीत सापडतं.

येना शहरात अर्न्स्ट आबे हे शास्त्रज्ञ कार्ल त्साइस यांच्या कारखान्यासाठी सूक्ष्मदर्शकांचं गणित मांडत होते. भिंग कितीही उत्तम घासलं तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या साधारण निम्म्याहून जवळ असलेले दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत, दोघांचा मिळून एकच धूसर डाग दिसतो, हे त्यांनी १८७३ मध्ये दाखवून दिलं. ही मर्यादा सुमारे २०० नॅनोमीटर, म्हणजे एका मिलिमीटरचा पाच हजारावा भाग.

लाव्हराँ यांना १८८० मध्ये मलेरियाचा परजीवी आणि कॉख यांना १८८२ मध्ये क्षयाचा जंतू दिसला, कारण दोन्ही या मर्यादेत बसण्याइतके मोठे होते. डेंग्यूचा विषाणू मात्र जेमतेम ५० नॅनोमीटरचा.

१९३१ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक आला आणि पुढे विषाणूही दिसू लागले. पण त्यात नमुना निर्वात पोकळीत ठेवावा लागतो. त्यामुळे जिवंत पेशीत काय चाललं आहे, हे पाहायचं तर पुन्हा साधा प्रकाश आणि पुन्हा आबे यांची मर्यादा!

ही कोंडी फोडली स्टेफान हेल यांनी. रुमानियात जन्मलेले आणि जर्मनीत शिकलेले हेल तेव्हा फिनलंडमधील तुर्कू येथे काम करत होते. १९९४ मध्ये त्यांनी यान विचमान यांच्यासह एक कल्पना मांडली. पेशीतल्या भागांना चमकणारा रंग लावायचा आणि एका लेझर झोताने तो चमकवायचा. त्याच जागी दुसरा झोत टाकायचा, जो ही चमक विझवतो. या दुसऱ्या झोताचा आकार मात्र मेदूवड्यासारखा, मधोमध भोक असलेला. प्रकाशाच्या लाटा स्क्रूच्या आट्यांसारख्या पिळल्या की मध्यभागी त्या एकमेकींना खोडून काढतात आणि तिथे अंधार उरतो. कडेची चमक विझते, फक्त भोकातली टिकते. विझवणारा झोत जितका प्रखर, तितका चमकणारा ठिपका लहान. असा ठिपका नमुन्यावर ओळीने फिरवून चित्र तयार होतं. आबे यांचा नियम खोटा ठरला नाही. त्याला वळसा घातला गेला.

सुरुवातीला अनेकांना हे पटलं नाही. पुढे ग्योटिंगेन येथे हेल यांनी ते प्रत्यक्ष करून दाखवलं. २०१४ मध्ये एरिक बेट्झिग आणि विल्यम मोर्नर यांच्यासोबत त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

याचा उपयोग काय? २०१२ मध्ये या पद्धतीने जिवंत उंदराच्या मेंदूतील चेतापेशींचे बारीक काटे पाहता आले. त्याच वर्षी एचआयव्हीचे एकेक कण तपासले गेले. विषाणू परिपक्व झाला की पेशीत शिरायला मदत करणारी त्याच्या पृष्ठभागावरची प्रथिनं एका जागी गोळा होतात, असं दिसलं. शत्रू दार कसं उघडतो हे कळलं, की ते बंद करण्याचा विचार करता येतो.

ही यंत्रं संशोधनासाठी आहेत, आपल्या कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये ती नसतात. म्हणून डेंग्यूसाठी आपण विषाणू पाहत नाही, त्याच्या खुणा शोधतो. तापाच्या पहिल्या काही दिवसांत एनएस-१ आणि साधारण पाचव्या दिवसानंतर आयजीएम. तेव्हा "काचेवर काहीच दिसलं नाही" म्हणून निर्धास्त राहू नका. ताप कोणत्या दिवशी सुरू झाला, हे डॉक्टरांना नक्की सांगा. योग्य तपासणी त्यावरच ठरते.