पाण्याचा झोत आणि सिडनीचें बंदर

ऑस्ट्रेलियांतील सिडनी शहराच्या सर्क्युलर की नांवाच्या धक्क्यावरून ज्या नाना तऱ्हेच्या नौका सुटतात, त्यांत एक जात अशी आहे कीं, तिच्यांत बसणाऱ्या उतारूला कोठेंच जावयाचें नसतें. मॅन्लीची फेरीबोट नोकरदार मंडळींना घरीं पोंचविते, मालाच्या बोटी माल वाहतात. ही मात्र बंदरांत अर्धा-पाऊण तास गरगर फिरून पुन्हां आपल्याच धक्क्याला येऊन लागते. तिला जेट बोट म्हणतात. मराठींत झोतनौका म्हणण्यास हरकत नाहीं, कारण पाण्याचा झोत हाच तिचा प्राण होय.

उतारूंच्या अंगावर आधीं पाणकोट चढवितात आणि खिशांतील चिजवस्तु काढून ठेवण्यास सांगतात. धक्का ज्या चिंचोळ्या खाडींत आहे तेथें वेगाला बंदी असल्यामुळें सुरुवातीस ही नौका एखाद्या सभ्य गृहस्थाप्रमाणें हळूहळू चालते. ऑपेरा हाउसचें टोंक ओलांडून मोकळें पाणी लागलें कीं तिचा स्वभाव बदलतो. नाळ वर उचलली जाते, तळ पाण्यावर घसरूं लागतो आणि पाहतां पाहतां वेग ताशीं सत्तर किलोमीटरच्या पलीकडे जातो. डेनिसनचा किल्ला समोरून धांवत आल्यासारखा वाटतो. मागें वळून पाहावें तों १९३२ सालीं खुला झालेला तो अजस्र लोखंडी पूल, ज्याच्या कमानीचें माथें पाण्यापासून १३४ मीटर उंच आहे, खेळण्याएवढा होऊं लागलेला असतो. इतक्यांत चालक एकाएकीं चाक फिरवितो आणि नौका जागच्या जागीं स्वतःभोंवतीं पुरी गिरकी घेते. पाण्याची भिंत उठून सर्वांच्या डोक्यावर कोसळते. कोणी किंचाळतो, कोणी हसतो, आणि दोन्ही आवाज करणारा मनुष्य पुष्कळदां एकच असतो.

ही गंमत ज्या यंत्राची, तें यंत्र मात्र बंदरासाठीं जन्मलेलें नाहीं. सिडनीच्या बंदराइतकें खोल व प्रशस्त पाणी जगांत थोड्याच शहरांना लाभलें आहे. तेथें साध्या पंख्याची नौकाहि सुखानें धांवते. झोतनौका जन्मली ती माणसाच्या गुडघ्याएवढ्या पाण्याच्या, दगडगोट्यांनीं भरलेल्या डोंगरी नद्यांसाठीं. तिची कल्पना तर त्याहूनहि फार जुनी असून, तीनशें वर्षें ती हुशार माणसांच्या हातून फसत आली होती. तो इतिहास त्या गिरक्यांपेक्षां कमी मौजेचा नाहीं.

तत्त्व सोपें आहे. नौकेनें पुढचें किंवा तळाचें पाणी आंत ओढावें आणि मागून जोरानें बाहेर फेकावें. पाणी मागें गेलें कीं नौका पुढें जाते. इंग्लंडांत टूगुड आणि हेज या दोघांनीं १६६१ सालींच अशा युक्तीचें पेटंट मिळविलें होतें. डॅनियल बर्नूली या गणितज्ञानें १७३८ सालच्या आपल्या जलशास्त्रावरील ग्रंथांत तिचा विचार केला, आणि बेंजामिन फ्रँकलिननें १७८५ मध्यें तीच कल्पना सुधारून पुढें मांडली. परंतु पाणी ओढावयाचें कोणीं? माणसाच्या हातांत तेवढें बळ नव्हतें. तें वाफेच्या यंत्रांत होतें, आणि तें यंत्र नौकेंत बसविण्याचें साहस जेम्स रम्सी या अमेरिकन कारागिरानें केलें.

३ डिसेंबर १७८७ रोजीं शेफर्ड्सटाउन गांवीं, पोटोमॅक नदीच्या कांठीं जमलेल्या लोकांसमोर रम्सीची नौका प्रवाहाविरुद्ध चालून गेली. वाफेचा पंप पाणी आंत घेई व मागून सोडी. वेग ताशीं चार मैलांच्या आसपास होता, म्हणजे चपळ पादचाऱ्यानें तिला सहज गांठलें असतें. योगायोग असा कीं, नेमके त्याच दिवशीं कैदी व शिपाई भरलेलीं इंग्लंडचीं अकरा गलबतें दक्षिण महासागरांतून ऑस्ट्रेलियाच्या वाटेवर होतीं. दोन महिन्यांच्या आंत, २६ जानेवारी १७८८ रोजीं, त्यांनीं सिडनीच्या खाडींत नांगर टाकला आणि तें शहर वसलें. झोताची नौका आणि हें शहर अशीं एकाच हंगामांत जगांत आलीं. पण त्यांची गांठ पडण्यास जवळजवळ दोन शतकें जावीं लागलीं. रम्सी पुढें भांडवल शोधण्यास लंडनला गेला. तेथें दुसरी नौका बांधीत असतां १७९२ च्या डिसेंबरांत तो अकस्मात् वारला. ती नौका त्याच्या मागें टेम्स नदीवर चालली खरी, परंतु तिच्या पाठीशीं उभा राहणारा मालक उरला नव्हता.

इंग्रजी आरमारानेंहि हा प्रयोग करून पाहिला. एडिंबरोच्या रूथवेन यांच्या पद्धतीचा पंप बसवून १८६६ सालीं 'वॉटरविच' नांवाची चिलखती युद्धनौका तयार झाली. यंत्र उलटें न फिरवितां केवळ झडपा बदलून ती मागें जाऊं शके, हा तिचा मोठा गुण होता. पण शर्यतींत तिनें पंख्याच्या नौकांना मागें टाकिलें नाहीं, आणि आरमारानें हा नाद सोडला. अपयशाचें कारण कळणें अवघड नाहीं. थोडें पाणी फार वेगानें फेकण्यापेक्षां पुष्कळ पाणी बेताच्या वेगानें ढकलणें संथ नौकेला किफायतीचें पडतें, आणि पंखा नेमकें तेंच करितो. झोताचा वेग व नौकेचा वेग यांत जितकें अंतर अधिक, तितकी शक्ति फुकट. शेंकडों टन वजनाच्या, ताशीं नऊ-दहा सागरी मैल चालणाऱ्या लोखंडी जहाजाला झोत लावणें म्हणजे बैलगाडीला शर्यतीचा घोडा जुंपणें होय. चूक घोड्याची नव्हती.

फक्त एका ठिकाणीं झोताची खरी किंमत ओळखली गेली. ब्रिटनच्या जीवरक्षक नौकांच्या संस्थेनें पहिली वाफेची नौका १८८९ सालीं बांधिली, तेव्हां तिला पंखा न लावतां झोतयंत्र बसविलें. बुडणाऱ्या जहाजाभोंवतीं दोरखंड आणि मोडलेल्या डोलकाठ्या तरंगत असतात. पंखा त्यांत अडकला तर सोडवावयास गेलेलेच बुडावयाचे. 'ड्यूक ऑफ नॉर्थंबरलंड' नांवाच्या ह्या नौकेनें तीस वर्षांहून अधिक काळ सेवा केली. झोत हा सरळ शर्यतीचा गडी नसून अडचणीच्या पाण्याचा गडी आहे, हें तिनें दाखविलें; परंतु तो धडा पुढें नेणारा मनुष्य भेटला तो समुद्रावर नव्हे, तर मेंढ्यांच्या कुरणावर.

विल्यम हॅमिल्टन १८९९ सालीं न्यूझीलंडच्या दक्षिण बेटांत जन्मला. १९२१ मध्यें त्यानें मॅकेंझी प्रांतांत आयरिशमन क्रीक नांवाचें विस्तीर्ण कुरण घेतलें. धंदा मेंढपाळाचा, पण मन सगळें यंत्रांत. ओढ्याच्या पाण्यावर घरची वीज केली, कुरणावरच कारखाना घातला, माती खोदण्याचीं यंत्रें बनविलीं. मोटारींच्या शर्यतींचाहि त्याला शोक होता. त्या मुलखांतील नद्या हिमनद्यांतून निघून गोट्यांच्या रुंद पात्रांत दहा धारांनीं पसरतात. कोठें पाणी छातीएवढें, तर दहा पावलांवर घोट्याएवढें. अशा नदींत पंख्याची नौका वर नेणें म्हणजे पंख्याचीं पातीं दगडांवर घासून मोडून घेणें. लहानपणापासून हॅमिल्टनच्या मनांत एकच गोष्ट होती : प्रवाहाविरुद्ध ह्या नद्यांतून वर जातां आलें पाहिजे.

वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं, १९५४ च्या सुमारास, तो ह्या कामाला लागला. आरंभीं त्यानें एका अमेरिकन झोतयंत्राचा नमुना पुढें ठेविला. त्यांत पाणी तळाखालीं पाण्यांतच सोडलेलें असे आणि तोटी फिरवून नौका वळे. तें कांहीं नीट चालेना. तेव्हां त्याच्या एका कारागिरानें सुचविलें कीं, झोत पाण्याखालीं न सोडतां नौकेच्या पाठींतून पाण्याच्या किंचित् वर, मोकळ्या हवेंत सोडून पाहावा. बदल चार बोटांचा, परंतु त्यानें सारें काम झालें. तळाखालीं लोंबणारें कांहींच उरलें नाहीं. अडथळा गेला, वेग वाढला, आणि हलकी नौका पाण्यावर घसरूं लागल्यावर तिला कांहीं इंचांचें पाणी पुरे होऊं लागलें. झोताचा वेगहि आतां नौकेच्या वेगाला शोभूं लागला. आरमाराला जें जमलें नाहीं तें येथें जमलें, कारण येथें नौका हलकी होती, वेग मोठा होता आणि पाणी उथळ होतें. ह्या शोधाचें श्रेय घेण्यास हॅमिल्टन मात्र नाखूष असे. तें तो आर्किमिडीजकडे बोट दाखवून मोकळा होई. पुढें १९७४ मध्यें त्याला सर ही पदवी मिळाली व १९७८ मध्यें तो वारला.

यंत्राची परीक्षा १९६० सालीं अमेरिकेंत झाली. कोलोरॅडो नदी ज्या प्रचंड दरींतून वाहते त्या ग्रँड कॅनियनमधून हॅमिल्टनच्या नौका प्रवाहाच्या उलट वर चढून गेल्या. ती गोष्ट तोंवर कोणींहि केलेली नव्हती. चालकांत त्याचा मुलगा जॉन हॅमिल्टन प्रमुख होता. सतरा वर्षांनीं हाच जॉन भारतांत आला. एव्हरेस्टवीर एडमंड हिलरी यांनीं १९७७ सालीं गंगासागरापासून हिमालयाकडे गंगेच्या उगमाच्या दिशेनें जी मोहीम काढिली, तिच्यांत तीन झोतनौका होत्या : 'गंगा', 'किवी' आणि 'एअर इंडिया'. कप्तान मोहनसिंग कोहली यांच्यासारखे भारतीय गिर्यारोहकहि बरोबर होते. घाटाघाटांवर माणसांचे थवे लोटले. ज्या नदीचें दर्शन लोक पायऱ्यांवर उभे राहून घेत, तिच्यावरून माणसें उलट दिशेनें डोंगराकडे धांवत चाललीं होतीं. नंदप्रयागाजवळ एका धबधब्यापाशीं नौका थांबल्या. त्यापुढें मंडळी पायीं गेली. गुडघाभर पाण्याचा, दगडांचा आणि प्रवाहाचा जो त्रिविध अडथळा हॅमिल्टननें कल्पिला होता, तो तेथपर्यंत ह्या नौकांनीं खरोखरच ओलांडला.

दरम्यान न्यूझीलंडांतील क्वीन्सटाउनच्या लोकांनीं ह्या यंत्रांत वेगळाच गुण हेरला होता. नदीच्या अरुंद घळींतून कड्यांना चाटून जाणारी नौका पाहण्यासाठीं व तींत बसण्यासाठीं प्रवासी पैसे देतात, हें त्यांच्या ध्यानांत आलें. तो धंदा नद्यांवरून बंदरांत शिरला व सिडनीला पोंचला. त्या गिरकीला चालक लोक आजहि 'हॅमिल्टन टर्न' म्हणतात. अरुंद ओढ्यांत वाट संपली तर जागच्या जागीं तोंड फिरवितां यावें, ही मूळची गरज. बंदरांत तोच खेळ झाला.

ह्या खेळांत एक गोष्ट उतारूला सहसा ठाऊक नसते. झोतनौकेला सुकाणू नाहीं. झोताची तोटी डावीकडे-उजवीकडे वळवूनच ती वळते. म्हणून यंत्राचा जोर काढून घेतला कीं वळण्याची शक्तिहि जाते. मोटारचालक संकट पाहतांच पाय उचलतो आणि गाडी ताब्यांत राहते. झोतनौकेच्या नवशिक्या चालकानें तसें केलें, तर नौका ज्या दिशेस तोंड असेल त्याच दिशेस घसरत जाते. हें कौशल्य नदींत मोठें. बंदरांत त्याहून मोठें, कारण नदींत समोर दगड असतात, बंदरांत माणसें असतात.

सिडनीला हें पंख्याच्या काळांतच कळून चुकलें होतें. ३ नोव्हेंबर १९२७ रोजीं दुपारीं शाळेंतून घरीं जाणाऱ्या मुलांनीं भरलेली 'ग्रेक्लिफ' ही फेरीबोट 'ताहिती' नांवाच्या मोठ्या आगबोटीच्या नाळेखालीं सांपडली आणि चाळीस जणांचे प्राण गेले. पुढच्या चौकशींत आगबोटीच्या वेगाचा प्रश्न निघाल्यावांचून राहिला नाहीं. मुंबई बंदरानें हें दुःख अगदीं अलीकडे पाहिलें. १८ डिसेंबर २०२४ रोजीं गेटवेहून घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल' नौकेवर, यंत्राची चांचणी चालू असलेली नौदलाची एक शीघ्रगति नौका ताबा सुटून आदळली. पंधरा जण दगावले. ती नौका कोणत्या पद्धतीची होती हा येथें मुद्दा नाहीं. शहराच्या बंदराचें पाणी एकट्या वेगवान नौकेचें नसतें, एवढाच मुद्दा आहे.

म्हणूनच सिडनीचा जाणता चालक धक्क्यापासून निघतांना घाई करीत नाहीं. फेरीबोटींची वाट तो मोकळी ठेवितो आणि गिरकी घेण्यापूर्वीं चहूंकडे पाहतो. एखादी शिडाची होडी आडवी आली तर तो वेग आधींच कमी करितो. अगदीं जवळ आल्यावर मात्र जोर सोडीत नाहीं, झोत वळवून बाजूस होतो. मागें बसलेल्या उतारूंना ही सगळी खबरदारी दिसतच नाहीं. ते पुढच्या लाटेची वाट पाहत असतात.