एक द्वारपाल, अनेक घरे

१९९० च्या सुमारास नेदर्लंड्समधील आइंडहोव्हनच्या तंत्रविद्यापीठाला एका आगंतुकाने सतावून सोडले होते. दूरच्या यंत्रावरून तो विद्यापीठाच्या संगणकांत शिरे, सर्वाधिकार हस्तगत करी, आणि कधी जाताना तबकडीवरचे सारे पुसून टाकी. आत कोण काम करीत आहे हे सांगणारी ‘फिंगर’ नावाची सेवा त्याच्या मोठ्या सोयीची होती. विचारणारा कोण, याची ती कोठेही नोंद ठेवीत नसे.

वित्से वेनेमा यांनी या चोरावर नजर ठेवण्याचे मनावर घेतले. परंतु उत्पादकांनी पुरविलेल्या कार्यक्रमांची मूळ संहिता हाती नव्हती. त्यांत एक अक्षर बदलता येईना. तेव्हा त्यांनी ते कार्यक्रम जसेच्या तसे बाजूस ठेवून त्यांच्या जागी आपला एक छोटा कार्यक्रम बसविला. आलेल्याचा पत्ता टिपावा आणि त्याला खऱ्या सेवेच्या स्वाधीन करावे, एवढेच त्याचे काम. पुढे परवानगीची व मनाईची अशा दोन याद्या त्याला मिळाल्या आणि या नोंदकारकुनाचा द्वारपाल झाला. त्याचे नाव ‘टीसीपी रॅपर’.

पण दारात कोण उभे आहे, हे द्वारपालाला त्या त्या घरालाच विचारावे लागे. आणि युनिक्सच्या कुळातील घरे एकसारखी उत्तरे देत नसत. अपोलो यंत्रांवरील एका आवृत्तीत यूडीपी पद्धतीच्या सर्व मागण्या शून्य पत्त्यावरून आल्याचे खुशाल सांगितले जाई. एआयएक्सच्या काही आवृत्ती यंत्राच्या नावाला ३२ अक्षरांचीच मर्यादा घालीत. मोठे नाव मध्येच तुटे, पडताळणीत जुळेना, आणि भला पाहुणा तोतया ठरून परत जाई. सोलारिस २.४ तर काही वेळा एकच पत्ता जागेवर ठेवून उरलेले पत्ते टोपणनावांत घुसडी. असे दोष दुष्कर असतात, कारण यंत्र बंद पडत नाही. व्यवस्थापक बिचारा आपल्याच यादीतील चूक शोधीत बसतो.

या साऱ्यांवरील उतारे वेनेमांनी एका स्वतंत्र संहितेत जमविले. युनिक्सच्या भाऊबंदकीचा इतका प्रांजळ दस्तऐवज विरळाच.

२१ जानेवारी १९९९ रोजी कोणी वितरण-भांडारात शिरून द्वारपालाच्या संहितेतच चोरवाट ठेवली; ४२१ क्रमांकाच्या पोर्टावरून येणाऱ्यास ती सर्वाधिकार देई. लबाडी त्याच दिवशी उघडकीस आली, तोवर काहींनी ती प्रत नेलीही होती. ओपनएसएसएचने २०१४ साली या द्वारपालाचा आधार सोडला. तोपर्यंत पहाऱ्याचे बरेचसे काम प्रणालीच्या गाभ्यातील चाळणीकडे गेले होते.