बेळगावहून कुंडलपर्यंत : उद्योजकाला गावाचा आधार



मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे, होमिओपॅथीचा डॉक्टर आहे. आमच्याकडे पहिल्या भेटीत रोग्याला निवांत बसवून घेतात आणि त्रास कधीपासून, त्याआधी काय घडले, हे विचारतात. आजच्या विषयाकडे मी त्याच सवयीने वळलो.

गेल्या पावसाळ्यात पस्तिशीचा एक तरुण दवाखान्यात आला. झोप नाही, पोटात सतत जळजळ. उद्यमबागेत त्याचा लहानसा कारखाना आहे. फौंड्रीतून आलेले ओतकाम घासून, भोके पाडून तो पुढे देतो. माल आज दिला तर पैसे चार महिन्यांनी येतात. बँकेने तारण म्हणून घराचा उतारा मागितला आणि वडिलांनी नाही म्हटले. शेवटी तो म्हणाला, "डॉक्टरकाका, पुण्याला नोकरी बघतोय." मी औषध दिले. पण हा त्रास एकट्या त्याचा नाही, आपल्या गावाचा आहे आणि जुना आहे, असे मनात येत राहिले. त्याचा इतिहास विचारायचा तर लक्ष्मणराव किर्लोस्करांपासून सुरुवात करावी लागेल. किर्लोस्कर रोडवरून आपण रोज जातो, पण ज्यांचे नाव त्या रस्त्याला आहे त्यांचा कारखाना मात्र इथे राहिला नाही.

लक्ष्मणरावांचा जन्म 1869 सालचा, गुर्लहोसूरचा, म्हणजे आपल्याच जिल्ह्यातला. मुंबईला जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकायला गेले. पण काही रंग नीट ओळखता येत नाहीत हे कळल्यावर यांत्रिक रेखाटनाकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिक्षक झाले. 1888 साली बेळगावात सायकलचे दुकान सुरू झाले होते. ते भाऊ रामूअण्णा पाहत. पुढे बढतीत डावलल्यामुळे नोकरी सोडून लक्ष्मणरावही बेळगावला आले. कडबा कापण्याचे यंत्र झाले, मग 1903 च्या सुमारास लोखंडी नांगर झाला. लोखंडाने जमिनीला विष बाधते असा शेतकऱ्यांचा समज होता, त्यामुळे पहिला नांगर खपायलाच फार दिवस लागले. म्हणजे माल तयार, कारागीर तयार आणि पैसा मात्र अडकलेला. माझ्या रोग्याची तक्रार याहून वेगळी नाही.

तेव्हा गावात पैशाची सोय नव्हती का? होती. 1904 साली सहकारी पतसंस्थांचा कायदा झाला. त्यानंतर दोनच वर्षांत, 15 फेब्रुवारी 1906 ला गोकाक अर्बन आणि 23 फेब्रुवारी 1906 ला बेळगाव पायोनियर या संस्था नोंदल्या गेल्या. देशातल्या पहिल्या नागरी पतसंस्थांत आपल्या जिल्ह्यातल्या दोन आहेत, ही अभिमानाचीच गोष्ट. पण त्या काळच्या पतसंस्थांचा हेतू वेगळा होता. लग्नकार्य, आजारपण, सावकाराचे देणे अशा अडचणीत सभासदाला हात द्यायचा आणि त्याला बचतीची सवय लावायची. महिन्याचा पगार असलेल्याला ही व्यवस्था छान लागू पडे. ज्याचा नांगर दोन वर्षांनी खपणार, त्याला ती कशी पुरणार?

जागेचेही तेच झाले. नगरपालिकेला गावाच्या वाढीसाठी ती जमीन हवी होती, म्हणून कारखाना हलवण्याचा हुकूम निघाला. नगरपालिकेला खलनायक ठरवण्यात अर्थ नाही. वस्तीला जागा लागते. पण कारखान्याला उठवताना त्याने जावे कुठे, हा प्रश्न गावात कोणी आपला मानला नाही. पतपेढी कर्जापुरती, पालिका जमिनीपुरती आणि गिऱ्हाईक नांगरापुरता. प्रत्येकजण आपल्या जागी बरोबर होता आणि कारखाना गेला.

औंध संस्थान लहान, तुकड्यातुकड्यांत विखुरलेले. बाळासाहेब पंतप्रतिनिधी 1909 साली गादीवर आले. ते स्वतः चित्रकार. औंधातील सभामंडपाच्या कामामुळे लक्ष्मणरावांचा तिथे संबंध होता. अडचण कानावर येताच बाळासाहेबांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची 32 एकर जमीन दिली आणि दहा हजार रुपयांचे कर्जही दिले. जमीन निवडुंगाची आणि सापांची होती, पण रेल्वेला लागून होती. लोखंड उतरवायला आणि नांगर चढवायला तेवढे पुरे. 1910 च्या मार्चमध्ये किर्लोस्करवाडी वसू लागली. पुढे पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या तोफा वितळवायला दिल्या. 1920 साली किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्याच साली गिऱ्हाइकांसाठी 'किर्लोस्कर खबर' निघाली आणि तिचेच पुढे 'किर्लोस्कर' मासिक झाले. आपल्यापैकी कित्येकांच्या घरी त्याचे अंक बांधून ठेवलेले होते. नांगराच्या शेडमधून मराठी वाङ्मयाला एवढे मिळाले, हे साहित्यसंस्थेत सांगायलाच हवे.

हा योगायोग एकदाच घडला असेही नाही. 1916 साली त्याच संस्थानात ओगल्यांचा काच कारखाना उभा राहिला. जुन्या घरांच्या माळ्यावर प्रभाकर कंदील अजून सापडतो, तो तिथला. औंधाने पैसा फार ओतला नाही. जागा, थोडे भांडवल आणि थांबण्याची तयारी या तीन गोष्टी एकाच हाताने दिल्या.

मात्र राजावर भिस्त ठेवता येत नाही. राजा चांगला निघाला, हे दैव. संस्था उभारून हेच कसे करता येते, ते बडोद्यात दिसते. तिथल्या मराठी मंडळींनी 1889 साली विठ्ठल लक्ष्मण तथा भाऊसाहेब कवठेकर यांच्या मार्गदर्शनाखाली अन्योन्य सहकारी मंडळी स्थापन केली. सहकाराचा कायदा व्हायला तेव्हा पंधरा वर्षे अवकाश होता. आपापल्या तुटपुंज्या शिलकेतून एकमेकांना कर्ज देण्याची ती सोय. पुढच्याच वर्षी कलाभवन निघाले, हातातली विद्या शिकवण्यासाठी. दादासाहेब फाळके तिथेच शिकले. 1908 साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने बँक ऑफ बडोदा सुरू झाली. एकोणीस वर्षांत एका शहरात लहान कर्ज, कारागिरी आणि मोठी बँक अशा तीन पायऱ्या तयार झाल्या. यातली पहिली पायरी महाराजांनी नव्हे, आपल्यासारख्याच परप्रांती स्थायिक झालेल्या साध्या मराठी कुटुंबांनी रचली, हे मला महत्त्वाचे वाटते.

आपल्याला हे जमणार नाही असे नाही. माझ्या समाजाचे सांगतो. 1899 साली स्तवनिधीला दक्षिण भारत जैन सभा स्थापन झाली आणि तिने बोर्डिंगे काढली. खेड्यातला मुलगा शहरात शिकायला आला तर राहायचे कुठे आणि जेवायचे काय, याचे उत्तर समाजाने तयार ठेवले. इतर समाजांनीही तेच केले. शिकणाऱ्या मुलासाठी आपण वर्गणी दिली, धान्य दिले, ओळख दिली आणि चार-पाच वर्षे थांबलो. कारखाना काढणाऱ्या मुलाला मात्र आपण म्हणतो, "आधी करून दाखव." त्यालाही चार-पाच वर्षांचे बोर्डिंगच हवे असते, फक्त खोलीऐवजी शेड आणि ताटाऐवजी खेळते भांडवल.

तेव्हा माझी सूचना लहान आहे. या संस्थेचे सभागृह महिन्यातून एक रविवार सकाळी रिकामे असते. त्या दिवशी एक निवृत्त बँक अधिकारी, एक हिशेबनीस, एक वकील आणि दोन जुने कारखानदार इथे बसावेत. अडलेल्या मुलाची कागदपत्रे त्यांनी पाहावीत. कोणाचे गोदाम रिकामे आहे, कोणाकडे मशीन पडून आहे, याची वही ठेवावी. वर्षभर माणसे टिकली, तर नोंदणीकृत पतसंस्थेमार्फत, सभासदांनी जामीन राहून लहान कर्जाची सोय करावी. येणे चार महिन्यांनी असेल तर हप्ताही चार महिन्यांनी, एवढी समज त्या कर्जात असावी. काही पैसे बुडतील. बोर्डिंगमधली काही मुलेही नापास झाली होती. म्हणून बोर्डिंगे कोणी बंद केली नाहीत.

तो तरुण परवा पुन्हा आला होता. जळजळ कमी आहे. पुण्याहून नोकरीचे पत्र आले आहे. उत्तर त्याने अजून दिलेले नाही. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे.