झेरॉक्सच्या दुकानातून न्यायालयात

दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारातलं ‘रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस’ हे छोटंसं दुकान. प्राध्यापकांनी नेमलेल्या महागड्या पुस्तकांतली प्रकरणं झेरॉक्स करून, त्यांचे गठ्ठे बांधून तिथे विद्यार्थ्यांना विकले जात.

ऑगस्ट 2012 मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकान व दिल्ली विद्यापीठावर दावा ठोकला. खुद्द ऑक्सफर्डचे लेखक अमर्त्य सेन यांनी तो मागे घेण्याची विनंती केली. विद्यार्थीही खटल्यात उतरले.

प्रश्न होता 1957 च्या कॉपीराइट कायद्यातल्या कलम 52 चा. शिकवण्याच्या ओघात शिक्षक-विद्यार्थ्यांनी काढलेली प्रत हा हक्कभंग ठरत नाही, असं ते सांगतं. 16 सप्टेंबर 2016 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाचे न्या. राजीव सहाय एंडलॉ यांनी दावा फेटाळला. डिसेंबरमध्ये त्याच न्यायालयाच्या खंडपीठाने शिक्षणाची सवलत मान्य केली. मात्र हा मजकूर अभ्यासक्रमासाठी खरोखर गरजेचा होता का, हे तपासायला खटला परत पाठवला. मार्च 2017 मध्ये प्रकाशकांनीच माघार घेतली.

ही मोकळीक शिकवण्यापुरती आहे. कॉलेजच्या वार्षिकांकात दुसऱ्याचं छायाचित्र छापायचं असेल, तर आधी परवानगी घ्या आणि छायाचित्रकाराचं नावही द्या.