पणजोबांची मराठी आपल्याला का वाचता येत नाही?

कोरियन सिरीज बघणारे किती जण आहेत इथे? बरेच असणार. त्यातल्या दुकानांच्या पाट्या, मोबाईलवरचे मेसेज, सगळं कसं गोल आणि चौकोनी अक्षरांत असतं ना, ती हंगुल लिपी. पण 1960च्या आसपासचं कोरियन वर्तमानपत्र आजच्या सोलमधल्या पोराच्या हातात दिलं, तर ते अडखळतं. कारण त्यात मध्येमध्ये चिनी अक्षरं पेरलेली असतात. राजा सेजोंगने हंगुल 1446 मध्ये जाहीर केली, तरी दरबार आणि विद्वान पुढची साडेचारशे वर्षं चिनी अक्षरांनाच धरून बसले. मग 1948 मध्ये दक्षिण कोरियाने सरकारी कागदांसाठी हंगुलचा कायदा केला. 1988 मध्ये 'हांग्योरे' दैनिक निघालं, ते पहिल्या अंकापासून फक्त हंगुलमध्ये.

बिचारे कोरियन, असं म्हणायच्या आधी जरा थांबा. आपल्या जालन्यातच बघू.

सप्टेंबर 2023. अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीचं आंदोलन राज्यभर गाजत होतं. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली. काम काय, तर निजामाच्या काळातल्या जुन्या कागदांत 'कुणबी' अशा नोंदी शोधायच्या. आरक्षणावर आज बोलत नाही, तो वेगळा विषय आहे. मला त्यातली एकच गोष्ट डोक्यातून जात नाही. रेकॉर्ड रूममधले बस्ते सुटले, कागद बाहेर आले, आणि वाचणारे मिळेनात! काही कागद उर्दूत, ते समजू शकतो. पण बाकीचे मोडीत. म्हणजे भाषा मराठीच, गावं आपली, आडनावं आपली, आणि तहसीलमध्ये बसलेल्या शिकल्यासवरल्या माणसाला त्यातलं एक अक्षर लागेना.

मोडी म्हणजे नेमकं काय? घाईत लिहायची मराठी. आधी कागदावर आडवी रेघ मारायची, मग बोरूने तिला अक्षरं लटकवत जायचं, हात शक्यतो उचलायचा नाही. दोन शब्दांत जागा सोडायची पद्धत नाही, विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही नाही, त्यामुळे 'दिन' आणि 'दीन' सारखेच दिसणार. मराठीच्या पेपरात ज्यांचे त्यापायी मार्क गेलेत, त्यांनी टाळ्या वाजवायला हरकत नाही. ही लिपी यादवांच्या देवगिरीवरच्या हेमाडपंताने आणली असं परंपरेने सांगतात. खरं-खोटं अभ्यासक बघतील. पण शिवकाळ, पेशवाई, सावकाराची वही, पाटील-कुलकर्ण्यांचं दप्तर, हे सगळं मोडीवर चाललं. पोथ्या मात्र बाळबोध लिपीत, म्हणजे आज आपण जिला देवनागरी म्हणतो तीत.

मग मोडी गेली कशी? आधी छापखान्यामुळे. खिळे जुळवून छापायचं तर सुटी अक्षरं सोयीची, आणि मोडी पडली एकमेकांत गुंतणारी. अशक्य होतं असं नाही. बंगालमधल्या श्रीरामपूरला विल्यम कॅरीने 1810 मध्ये मराठी कोश मोडी टाइपात छापून दाखवला होता. पण शाळेची पुस्तकं बाळबोधीत आली, 1832चं 'दर्पण' बाळबोधीत आलं. 1917 मध्ये मुंबई सरकारने कारभारासाठीही बाळबोध ठरवली. तरी जुनी माणसं खासगी हिशोब मोडीत लिहीत राहिली. शाळेत मोडी 1950च्या दशकापर्यंत टिकली, मग तीही गेली.

आपल्या मराठवाड्याची गोष्ट अजून गुंतागुंतीची. वरचा कारभार निजामाचा, म्हणजे उर्दू. खाली गावपातळीवर मराठी, ती मोडीत. वर्ष फसली! एखाद्या कागदावर 1340 दिसलं तर पणजोबा मध्ययुगात होते असं समजू नका. साधारण 590 मिळवा, म्हणजे 1930-31 येतं. सप्टेंबर 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, 1956 मध्ये मराठवाडा मुंबई राज्यात आला, आणि कारभार देवनागरी मराठीत आला. चांगलंच झालं म्हणा. पण आधीचे कागद एकदम मुके झाले.

आता मला कोरियाचा हेवा कुठे वाटतो ते सांगतो. तिथे चिनी अक्षरांवरून दशकानुदशकं भांडणं झाली. सरकारने एकदा काढली, मग 1972 मध्ये शाळांसाठी 1,800 अक्षरांची यादी केली. म्हणजे रोजच्या वापरातून गेली तरी किल्ली कुठे ठेवली ते ठाऊक होतं. आपल्याकडे फारसं कोणी भांडलंच नाही. मोडीचं काम राहिलं ते पुराभिलेख खात्याचे वर्ग, पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ आणि गावोगावचे मोजके हौशी जाणकार यांच्याकडे. 2023 मध्ये सगळा महाराष्ट्र याच थोड्या लोकांना शोधत होता. त्यांनी 'कुणबी' वाचलं की नाही, यावर कुणाच्या तरी पोराची अ‍ॅडमिशन अवलंबून. एवढं ओझं एका अक्षरावर!

माझ्या धंद्यातली गंमत सांगतो. मोडी 2014 मध्ये युनिकोडमध्ये आली, तरी मोबाईलमध्ये फॉन्ट नसेल तर नुसते रिकामे चौकोन दिसतात. 2025 मध्ये आयआयटी रुरकीच्या लोकांनी मोडी पानाचा फोटो थेट देवनागरीत उतरवणारं एआय मॉडेल मांडलं. शिकवायला पानं होती दोन हजारांच्या आसपास. मॉडेल शिकवणाऱ्याला विचारा, हा आकडा किती छोटा आहे. त्यात प्रत्येक कारकुनाचा हात वेगळा. आणि त्या पानांची उत्तरं मशीनला आधी कोणी द्यायची? मोडी येणाऱ्या माणसांनीच. म्हणून सध्या तरी प्रमाणपत्रासाठी मॉडेलचं वाचन पुरावा म्हणून नेऊ नका, जाणकाराकडून तपासून घ्या.

घरातल्या पेटीत असा कागद सापडला तर लॅमिनेशन करू नका, घडीवर चिकटपट्टी लावू नका. उजेडात सरळ फोटो काढा, मागच्या बाजूचाही. शिक्का बऱ्याचदा तिकडेच असतो.