मुंबई बंदराचा उन्हाळा आणि जुनी जहाजे

मुंबई शहराचे वर्ष पंचांगाप्रमाणे चैत्रात सुरू होत असले, तरी तिच्या बंदराचे वर्ष पिढ्यान्‌पिढ्या नारळी पौर्णिमेस सुरू होत आले आणि मृगाच्या सरींबरोबर संपत आले. मधले पावसाळ्याचे महिने शिडाच्या गलबतांना वर्ज्य होत. त्यामुळे चैत्र-वैशाख हे बंदराच्या वर्षाचे अखेरचे महिने ठरले, आणि अखेरीच्या हिशेबाला जी घाई असते ती धक्क्याधक्क्यावर दिसू लागे. वऱ्हाड-खानदेशचा कापूस पाऊस पडण्यापूर्वी जहाजावर चढला पाहिजे, मंगळुरी कौले नि जळाऊ लाकूड शहरात येऊन पडले पाहिजे, अशी व्यापाऱ्यांची निकड असे. माल उतरला की तांडेल नि खलाशी आपापल्या गावी परतत आणि मचवे, पडाव, फतेमाऱ्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवल्या जात.

ज्या पावसाने गलबतांचा मार्ग रोखला, त्याच पावसाने मुंबईला जहाजबांधणीचे केंद्रही बनविले. नैर्ऋत्येचे वारे पश्चिम किनाऱ्यावर आदळू लागले म्हणजे मोठ्या जहाजांना आसरा मिळेल अशा जागा थोड्या. मुंबई बेटाच्या पूर्वेस, बेट आणि कोकणची भूमी यांच्या मध्ये असलेल्या खोल पाण्यात तो आसरा मिळे. शिवाय येथे उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी चौदा फुटांहून अधिक वरखाली होते. भरतीबरोबर जहाज गोदीत घ्यावे, ओहोटीबरोबर पाणी सोडून द्यावे, दरवाजा लावून तळाची डागडुजी करावी, ही सोय निसर्गानेच करून ठेवली होती. ईस्ट इंडिया कंपनीने १७३६ साली सुरतेहून लवजी नसरवानजी वाडिया या कुशल पारशी सुताराला मुंबईस आणले, ते याच कामासाठी. १७५० साली येथे बांधलेली सुकी गोदी आशिया खंडातील पहिली मानली जाते.

लवजींच्या वंशजांनी पुढे शंभरांहून अधिक वर्षे ही विद्या घराण्यात राखली. त्यांच्या हाती मलबारचे सागवान होते. ओक लाकडातील आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या अंगच्या तेलाने ते टिकतात. म्हणून सागाचे जहाज ओकाच्या जहाजाहून दीर्घायुषी होते. नेपोलियनशी चाललेल्या युद्धात इंग्लंडला ओकाची टंचाई भासू लागली, तेव्हा ब्रिटिश नौदलाला या गोदीकडे वळणे भाग पडले. जमशेटजी बमनजी वाडिया यांनी बांधलेले ७४ तोफांचे ‘मिंडेन’ १९ जून १८१० रोजी पाण्यात उतरले. ब्रिटिश बेटांच्या बाहेर बांधलेली त्या वर्गाची ही पहिली युद्धनौका होय. १२ मे १८१३ रोजी, म्हणजे ऐन वैशाखात, ‘कॉर्नवॉलिस’ तरंगले. २९ ऑगस्ट १८४२ रोजी चीन आणि ब्रिटन यांच्यामधील नानकिंगचा तह याच जहाजावर झाला. १८२४ साली बांधलेले ‘एशिया’ हे १८२७ च्या नॅव्हारिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीचे ध्वजजहाज होते. मुंबईच्या सुतारांनी तासलेले लाकूड अशा रीतीने दूरदूरच्या समुद्रांवर साम्राज्याच्या कामी आले. त्या कामाचे गोडवे गाण्याचे कारण नाही. पण हातांचे कौशल्य मुंबईचे होते, ही गोष्ट निर्विवाद आहे.

त्या जहाजांतील ‘ट्रिंकोमाली’ची कथा विशेष मननीय आहे. तिचे पहिले नकाशे घेऊन निघालेले ‘जावा’ हे जहाज १८१२ साली अमेरिकनांशी झालेल्या लढाईत नष्ट झाले. नकाशे पुन्हा मागवावे लागले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली, तेव्हा ज्या युद्धासाठी तिची मागणी झाली होती ते संपून गेले होते. पुढे ती कित्येक वर्षे बेकार पडली, नंतर गस्तीवर गेली, आणि विसाव्या शतकात ‘फूद्रोयाँ’ या नावाने मुलांची शाळा झाली. १९८७ साली ती इंग्लंडमधील हार्टलपूल येथे आणण्यात आली, १९९० ते २००१ या काळात तिचा जीर्णोद्धार झाला, आणि मुंबईचे सागवान अंगावर वागवीत ती आजही तेथे तरंगत आहे.

इकडे मुंबईच्या धक्क्यांवर वाफेचे युग आले. १८७५ साली ससून गोदी आणि १८८० साली प्रिन्सेस गोदी झाली. लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी बांधलेला धक्का ‘भाऊचा धक्का’ याच नावाने लोकांच्या जिभेवर बसला. उन्हाळ्याच्या सुट्टीत गिरण्या-कचेऱ्यांतील चाकरमानी पत्र्याच्या ट्रंका, वळकट्या नि पोरेबाळे घेऊन कोकणच्या आगबोटीसाठी तेथे गर्दी करीत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही नावे ओळीने पाठ नसलेला कोकणी माणूस विरळा. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागतच नसे. खोल पाण्यात उभी राही आणि उतारू पडावांतून किनाऱ्यावर जात. परतीच्या खेपेस हापूसच्या पेट्या येत. पाऊस लागला की हा मार्ग बंद होई. पावसाळ्याचा कायदा किती कठोर आहे, हे १७ जुलै १९४७ रोजी रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडून सहाशेंहून अधिक माणसे दगावली तेव्हा साऱ्या शहराने पाहिले.

घाटांतील रस्ते सुधारले, खाड्यांवर पूल झाले, आणि १९९८ साली कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, त्यापूर्वीच कोकणच्या त्या आगबोटी नाहीशा झाल्या होत्या. त्यांच्यापैकी एकही बोट पुढच्या पिढीला दाखविण्यासाठी धक्क्याला बांधून ठेवलेली नाही. ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेची गोष्ट तर ताजीच आहे. १९६१ साली भारतीय नौदलात दाखल झालेली आणि १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात पराक्रम गाजविलेली ही नौका १९९७ साली निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. परंतु तिच्या देखभालीचा भार कोणी उचलावा याचा निकाल लागेना. १९१४ साली नव्हे, तर स्वातंत्र्यानंतर सदुसष्ट वर्षांनी, २०१४ साली ती लिलावात विकली गेली आणि याच बंदरातील दारूखान्यात तिची मोडतोड झाली.

जुने जहाज राखणे खर्चाचे असते, हे खरे. लाकूड कुजते, पोलाद गंजते, आणि बंदरातील जागेला मोल असते. हार्टलपूलच्या लोकांनाही हा खर्च चुकला नाही. तो त्यांनी वर्षानुवर्षे सोसला, इतकेच. मुंबईची सुकी गोदी आजही नौदलाच्या आवारात शाबूत आहे. भाऊच्या धक्क्यावरून २०२० पासून मोटारी वाहून नेणारी बोट मांडव्याला जाते, आणि गेटवेवरच्या लहान लाँचा पावसाळा आला की पूर्वीसारख्याच बंद होतात. उन्हाळ्याच्या सुट्टीत येथे हजारो मुले समुद्र पाहावयास येतात. आपल्या शहराने घडविलेले जहाज डोळ्यांनी पाहावयाचे असेल, तर मात्र त्यांना सातासमुद्रांपलीकडे जावे लागते.