बॉम्ब शोधणारा कुत्रा चार मंडळांत वाटून घेता येतो का?

मागच्या गणपतीआधी आमच्या महालातल्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आयडिया आली: चार मंडळांनी वर्गणी काढायची आणि बॉम्ब हुंगणारा एक कुत्रा घ्यायचा. आज महालात, उद्या इतवारीत. मीसुद्धा लगेच अंगठा टाकला, खोटं कशाला बोलू!

भीती काही हवेतली नाही. १ जून २००६ ला पहाटे इथल्याच संघ मुख्यालयावर हल्ल्याचा प्रयत्न झाला होता. पांढऱ्या अ‍ॅम्बॅसेडरमधून आलेले तिघेही पोलिसांच्या गोळीबारात ठार झाले. पण कुत्रा वाटून घ्यायचं गणित मला माहिती काढल्यावरच कळलं.

कुत्रा मिळेल, पण सराव कसा देणार?

कुत्र्याला 'बॉम्ब' म्हणून काही कळत नाही. त्याला आरडीएक्स, टीएनटी, जिलेटीन अशा ठराविक पदार्थांचे वास शिकवलेले असतात. वास सापडला की तो भुंकत नाही, पंजा मारत नाही, गुपचूप खाली बसतो. त्याबदल्यात त्याला चेंडू किंवा खाऊ मिळतो. हा सराव सतत लागतो, आणि त्यासाठी खऱ्या स्फोटकांचे नमुने लागतात. ते मंडळाच्या कपाटात ठेवता येत नाहीत, परवाना लागतो. (देशभरातल्या स्फोटकांचे परवाने बघणाऱ्या 'पेसो' या सरकारी संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरातच आहे, हे मलाही तेव्हाच कळलं.)

दुसरं म्हणजे हँडलर. कुत्रा जोडीने काम करतो. त्याची शेपटी, मान, श्वास यातला बारीक फरक त्याचा माणूसच ओळखतो. साखळी आज याच्या हातात, उद्या त्याच्या, असं चालत नाही.

आणि नाक थकतं! साधारण अर्ध्या तासाने त्याला विश्रांती द्यावी लागते. आपल्या मे महिन्यात तर विचारूच नका. धापा टाकणारा कुत्रा तोंडाने श्वास घेतो, त्यामुळे त्याचं हुंगणं कमी होतं.

मग वाटणी होतच नाही का?

होते, आधीपासून होते. शहर पोलिसांचं बॉम्ब शोधक व नाशक पथक म्हणजे बीडीडीएस. बेवारस बॅग मंडळाजवळ सापडो की कोर्टात, हेच पथक येतं. म्हणजे कुत्रा सगळ्या शहराचा मिळूनच आहे. याचं मोठं उदाहरण म्हणजे मुंबई पोलिसांचा लॅब्राडॉर 'जंजीर'. १२ मार्च १९९३ च्या स्फोटांनंतर धनजी स्ट्रीटवरच्या बेवारस स्कूटरमधली स्फोटकं त्याने ओळखली. मुंबईचा हा कुत्रा ठाणे आणि मुंब्र्यातही कामाला आला. त्याच्या नावावर ३,३२९ किलो आरडीएक्स, ६०० डिटोनेटर आणि २४९ हातबॉम्ब आहेत.

आता तुमचा फोन

फोनमधे वासाचा सेन्सर नसतो. 'बॉम्ब डिटेक्टर' नावाचं अ‍ॅप दिसलं तर सरळ सोडून द्या. एडीई ६५१ नावाचं अँटेनावालं यंत्र इराकमधे चेकपोस्टवर वापरलं जायचं. आत कामाचं काहीच नव्हतं. ते विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ मधे ब्रिटनमधे १० वर्षांची शिक्षा झाली, पण तोवर त्या यंत्राच्या भरवशावर गाड्या पुढे सोडल्या गेल्या होत्या.

फोनने एकच गोष्ट चांगली होते: पथकाला बरोबर जागी बोलावणं. वस्तूला हात लावू नका, फोटोसाठी जवळ जाऊ नका. आधी लांब व्हा, दुसऱ्यांनाही लांब करा आणि मग ११२ लावा. वस्तूच्या शेजारी उभं राहून मोबाईल वापरायचा नाही. '११२ इंडिया' अ‍ॅप आधीच टाकून, लोकेशन चालू करून ठेवा. आणि "महालात बॅग आहे" एवढंच सांगू नका. "बडकस चौक, अमक्या दुकानाच्या पायरीवर, काळी सॅक, इतक्या वेळापासून" असं सांगा. महालातल्या गल्ल्यांत मॅपचा पिन बाजूच्या बोळात पडतो, हे तुम्हाला माहितीच आहे.

उलटं काम फॉरवर्डने होतं. खोट्या निरोपावर पथक एका टोकाला गेलं की तोच कुत्रा, तोच हँडलर, तोच अर्धा तास दुसरीकडे मिळत नाही. शिवाय भीती पसरवणाऱ्या खोट्या अफवेसाठी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५३ खाली तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

वर्गणीची आयडिया आमच्या ग्रुपवर दोन दिवसांत विरली. आता पिन केलेल्या मेसेजमधे ११२ आहे, कोतवाली पोलीस स्टेशनचा नंबर आहे आणि प्रत्येक मंडपाजवळची एक पक्की खूण लिहिली आहे. इतवारीच्या पोरांनी त्यांच्या खुणांची यादी मागच्याच आठवड्यात पाठवली.